अक्काचे बिबडे आणि माझे सोळा सेल

माझ्या दुकानात आलेला नवा माणूस बूड टेकायच्या आत एकच प्रश्न विचारतो, "नाना, गाडी मेली, मग तिची बॅटरी जिती कशी?" आणि विचारताना माझ्याकडे असा बघतो, जणू मी स्मशानातून काहीतरी उचलून आणलं आहे. मी त्याला आधी चहा पाजतो. चहा पोटात गेल्यावर माणसाला पटवणं सोपं जातं, हे मी मोटारींचं रिवायंडिंग करायचो तेव्हापासून शिकलेलो आहे.

धुळ्यात देवपुरात माझं दुकान आहे. आधी विहिरीवरच्या मोटारी भरल्या, मग इन्व्हर्टर आले, त्यांच्या पाण्याच्या बॅटऱ्या आल्या. त्यांच्या आम्लाने माझ्या निम्म्या पँटी भोकाभोकांच्या झाल्या. आता पोरं म्हणतात, "दुकान बंद करा, आराम करा." आराम म्हणजे काय, तर घरात बसून हिच्या पायात पायात येणं. त्यापेक्षा मी विजेच्या गाड्यांच्या सेलांमागे लागलो. ह्या वयात नवा नाद लागला, आणि तो नाद म्हणजे अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाड्या. घरच्यांना वाटलं, नाना गेले कामातून.

धंदा मात्र साधा आहे. विजेवरची मोटार ठोकली जाते, पुढचा भाग चपटा होतो. बॅटरी असते खाली, सीटांच्या बुडाशी, लोखंडी पेटीत. बहुतेक वेळा तिला काही झालेलं नसतं. गाडी भंगारात जाते आणि बॅटरी आमच्या जळगावच्या पुंडलिकशेठकडे येते. पुंडलिकशेठ भंगाराचे व्यापारी. लोखंड, तांबं, पत्रा ह्यातलं त्यांना सगळं कळतं, पण ह्या पेट्यांना ते घाबरतात. माझा फोन गेला की म्हणतात, "या नाना, तुमचा नाग टोपलीत बसलाय, घेऊन जा."

पेटी उघडायची तर आधी बोटातली अंगठी, मनगटातलं घड्याळ काढून ठेवायचं. पान्यांच्या दांड्यांना मी सायकलची ट्यूब चढवली आहे, कारण उघडा पाना दोन टोकांवर आडवा पडला तर तो जागीच वेल्डिंग होतो, आणि तुमच्या भुवया जातात. आत विटांसारखे सेल ओळीने बसलेले असतात. मी एकेक काढतो. फुगलेला असेल तर सरळ बाजूला. उरलेले पूर्ण भरतो आणि आठ-पंधरा दिवस नुसते फळीवर ठेवतो. कोण न वापरताच उतरतो ते बघतो. जो काम न करता दमतो, त्याला घरी घ्यायचं नाही. मग भार टाकून प्रत्येकाचा दम मोजायचा, आणि सारख्या दमाचे सोळा निवडून एका ओळीत जोडायचे. सारखे का? तर एक बैल तगडा आणि दुसरा रोडका अशी जोडी औताला जुंपली की तगडाही वाया जातो, तसंच इथे होतं. वर एक छोटी पट्टी बसवायची, ती सोळांवर नजर ठेवते. कोणी फार भरला, कोणी फार उतरला, कोणी तापला की ती सगळं बंद करते. तिचं कंपनीचं नाव काहीही असो, मी तिला मुकादम म्हणतो.

थकलेल्या सेलांना मोटार ओढता येत नाही, पण घरातले पंखे, दिवे, कूलर ते आणखी कितीतरी वर्षं सहज चालवतात. हे मला फार आवडतं. का आवडतं ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको.

एका बाबतीत मात्र मी ताठ आहे. मेलेल्या सेलला मी जिता म्हणत नाही आणि जित्याला मेला म्हणत नाही. शिरपूरचे एक गृहस्थ फुगलेला सेल घेऊन आले, म्हणाले, "थोडासाच फुगलाय नाना, घालून टाका, कोणाला दिसतंय?" मी त्यांना म्हटलं, "तुमच्या पलंगाखाली ठेवून झोपणार असाल तर घालतो." ते सेल घेऊन निघाले तेव्हा मीच तो हातातून काढून घेतला, न जाणो खरंच झोपायचे. बॅटरी बंद पडली की लोक आधी मला शिव्या देतात, मग कंपनीला, मग सरकारला. पण नानाने सेलबद्दल खोटं सांगितलं, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. म्हणजे, त्या आखाजीपर्यंत नव्हतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात ती दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंबरस-पुरणपोळी खातात, सासूच्या नकला करतात. अशा वेळी आईने लेकीकडे जायचं नसतं, लेकीनेच यायचं असतं.

त्या वर्षी चैत्रात साक्रीच्या रस्त्याला आत फुटणाऱ्या एका गावाहून भिकन नावाचा शेतकरी आईला घेऊन दुकानात आला. आईला सगळा गाव अक्का म्हणतो, मीही म्हणू लागलो. भिकन मला पॅनेल, वॉट, युनिट असलं काय काय विचारत होता. अक्का मोडीतल्या बॅटऱ्यांकडे बघत बसलेल्या. मग एकदम म्हणाल्या, "नाना, माले वॉट-बिट समजत नही. मन्या पोरी आखाजीले राहाले पाहिजेत, इतलंच."

प्रकरण असं होतं. थोरली सुनंदा सुरतेत, धाकटी वैशाली नाशकात. गेल्या आखाजीला दोघी मुलाबाळांसह आल्या आणि लाइट गेली. लाइट गेली म्हणजे गेलीच. नातवंडांच्या अंगावर घामोळं उठलं, रडारड झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी आपापल्या वाटेला लागल्या. झोका रिकामा हलत राहिला. ह्या वर्षी सुनंदाने फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, तूच सुरतेला ये."

"त्यास्ना घरमा एसी शे," अक्का म्हणाल्या. "आठे पंखा बी बंद पडस. पन आखाजीले मी पोरीना घर जाऊ? लोकं काय म्हनतीन?" आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मला लोक काय म्हणतील याची कधी फिकीर नव्हती, पण तो पदर बघून मी म्हटलं, "अक्का, आखाजीला तुमच्या घरात वारा असेल." असली वचनं देऊ नयेत. मी देतो.

सोळा सेल निवडले, अगदी लेकीसाठी स्थळ बघतात तसे उलटेपालटे करून. भिकनचं घर मातीच्या धाब्याचं. धाबं म्हणजे सपाट छत. त्यावर सोलरचे पॅनेल मांडले, खाली पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात बॅटरीचं खोकं. दोन कूलर, चार पंखे आणि दिवे. निघताना सांगितलं, "हिला थंड जागी ठेवा, ऊन लागू देऊ नका." चार-सहा दिवस मस्त चाललं. मग भिकनचा फोन आला. "नाना, दिवेलागणीले बॅटरी मान टाकी देस."

मी स्कूटर काढली. आमच्याकडे वैशाखाच्या तोंडाशी बारा ते चार कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी शहाणा, त्यामुळे ऊन उतरल्यावर निघालो आणि पाचच्या पुढे पोचलो. बघतो तो बॅटरीच्या खोक्यावर ओलं पोतं पसरलेलं, पोत्यावर पाण्याने भरलेला माठ, आणि माठ पाझरतोय.

"अक्का, हाई काय?"

"तुम्हीनच सांगं व्हतं ना, थंड ठेवा," अक्का म्हणाल्या. "माठना शेजारी काहीच तपत नही."

 नशीब, मी झाकण घट्ट बसवलं होतं आणि पाणी बाहेरूनच ओघळून गेलं होतं. माठ उतरवला, पोतं झटकलं, खोकं पुसलं, आणि थंड म्हणजे सावली, पाणी नव्हे, हे समजावून सांगितलं. अक्कांनी ऐकलं, पण माठाची बाजू सोडली नाही. जाता जाता त्यातलंच पाणी मला प्यायला दिलं. खरोखर थंडगार होतं. मला वाटलं, रोग सापडला.

तीन दिवसांनी फोन. बॅटरीने परत मान टाकली.

आता मला माझ्या सेलांचा संशय आला. माणूस कितीही ताठ असो, भंगारातून आणलेल्या मालावर त्याचा पुरता विश्वास कधीच नसतो. पुन्हा ऊन उतरल्यावर गेलो. "कोनी हात लावत नही," अक्कांनी दारातच सांगितलं. पॅनेलवर पांढरे ठिपके आणि बारीक दाणे दिसले. पाखरांची घाण म्हणून ओल्या फडक्याने पुसून काढली. एक दाणा तिळासारखा वाटला. मनात म्हटलं, ह्या गावची पाखरंसुद्धा खात्यापित्या घरची दिसतात. आणि पूर्ण खोकं रिक्षात घालून धुळ्याला आणलं.

दुकानात सोळाच्या सोळा सुटे केले, भरले, उतरवले, पुन्हा भरले. एकही दोषी नाही. सगळे एकाच घरातले जुळे भाऊ असावेत तसे सारखे. मुकादम तपासला, तोही ठणठणीत. परत नेऊन बसवलं. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी भिकनचा फोन. ह्या वेळी त्याच्यामागून अक्काचा आवाज ऐकू आला, "नानाले सांग, राहू दे. सुनंदाले मी सांगी देस, येऊ नको म्हनीसन."

मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो. आखाजी आठवड्यावर आली होती. हिला सगळं सांगितलं. हिने भाकरी उलटवता उलटवता विचारलं, "तुम्ही तिकडे कधी जाता?"

"संध्याकाळी. ऊन उतरल्यावर."

"सूर्यावर चालणारं यंत्र बसवता आणि सूर्य मावळायला आला की तपासायला जाता," ती म्हणाली. "धन्य आहे तुमची."

इतकी वर्षं मी हिला इलेक्ट्रिकमधलं काही कळत नाही असं समजत आलो. दुसऱ्या दिवशी डोक्याला ओला गमछा बांधून, खिशात कांदा घालून सकाळी उशिराच निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भरदुपारी भिकनच्या दारात उभा राहिलो तेव्हा कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, नुसतं एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला.

घरात अक्का नव्हत्या. वरून आवाज येत होता. शिडी चढून धाब्यावर गेलो.

माझ्या पॅनेलवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अक्काच्या जुन्या साड्या ताणून बसवलेल्या होत्या. साड्यांवर बिबडे. ज्वारीचे, लसूण-मिरची घातलेले, वरून तीळ पेरलेले गोल गोल बिबडे, एका बोटाचीही जागा मोकळी नाही. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड समजा. वर्षभराचे उन्हाळ्यात करून ठेवतात. अक्का पातेलं मांडीशी घेऊन पाण्याच्या हाताने शेवटचा थापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या नाना. इतला ऊनमा?"

 एवढ्या गंभीर आजाराचं निदान करायला मी सेल उघडले, मुकादम तपासला, आणि रोगी रोज बारा ते चार साडी पांघरून झोपत होता. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळी ओळ ढेपाळते. इथे तर रांगच्या रांग झाकलेली. चार वाजले की अक्का साड्या गोळा करून खाली न्यायच्या, आणि पाच वाजता मी पाखरांना शिव्या देत तीळ पुसायचो.

"अक्का, तुम्ही तर म्हटलं होतं, कोणी हात लावत नाही."

"बॅटरीले कोनी हात नही लावा," अक्का म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मग मी जरा चढ्या आवाजात समजावू लागलो, की ऊन काचेवर पडलं पाहिजे, तरच वीज होते. अक्कांनी हात धुतला आणि माझ्यापेक्षा चढ्या आवाजात म्हणाल्या, "हाई जागा मनी शे, नाना. लगीन व्हईसन उनू तव्हयपासून बिबडा आठेच टाकस मी. तुमना काच मना जागावर बसनात. मी त्यास्ना जागावर नही बसनू." मग साडीचा एक काठ नीट केला. "आनि काच चांगला शेतस. सपाट, गरम, उतार बी शे. लवकर वाळतस."

"इतके कोणासाठी?"

"पोरीसले संगे देवाले. सुनंदाले बिबडा नही भेटना तं ती सुरतमा रडस."

मी तिथेच उकिडवा बसलो. एक ऊन, एक धाबं, त्याच लेकींसाठी मी वीज करतोय आणि त्याच लेकींसाठी ही बाई बिबडे करते आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या पायावर उभे आहोत. मला हसू आलं. अक्का आधी रागावल्या, मग त्याही हसल्या, आणि मला एक ओला बिबडा खायला दिला. ओला बिबडा ज्याने खाल्ला नाही त्याला मी खान्देशी मानत नाही.

दुसऱ्या दिवशी भिकन आणि मी मिळून सगळे पॅनेल धाब्यावरून उतरवले आणि गोठ्याच्या पत्र्यावर चढवले. तिथे बिबडे टाकायला कोणी चढणार नाही, अक्काही नाही, असं भिकनने छातीवर हात ठेवून सांगितलं. गाईंना वरून थोडी सावली मिळाली. अक्कांना त्यांचं धाबं परत मिळालं. त्या संध्याकाळी लाइट गेली आणि कूलर दोन्ही चालू राहिले. अक्का कूलरपुढे उभ्या राहून नुसतं पदर उडताना बघत होत्या.

सुनंदाला फोन गेला. वैशालीला गेला. दोघी आल्या.

आखाजीला मला आणि हिला जेवायचं आमंत्रण होतं. घागर पुजून झाली होती, आंबरस झाला, खापरावरची पुरणपोळी झाली. दुपारपासून लाइट नव्हती आणि माझे सोळा सेल मजेत कूलर फिरवत होते. मी मिशीला पीळ भरायच्या बेतात होतो. ऊन कलल्यावर अक्का मला गोठ्याकडे घेऊन गेल्या. वाटलं, काहीतरी चांगलं बोलणार.

"नाना, ती बॅटरी बंद करी द्या."

"का? चालत नाही?"

"चालस ना. तेच तं." त्यांनी घराकडे मान केली. "सकायपासून त्या कूलर म्होरे पडेल शेतस. मोबाइलमा दखतस. झोकावर कोनी बसनं नही. पह्यले लाइट जाये ना, तं समद्या जनी धाबावर येत. गप्पा चालेत. मन्हासंगे बोलेत." त्या गाईजवळ सरकल्या. "आते लाइट जातच नही."

मी म्हटलं, "अक्का, गेल्या वर्षी अंधार झाला आणि त्या निघून गेल्या. ह्या वर्षीही गेल्या तर?"

त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "गयात तं गयात," म्हणाल्या. "आज तं वर येतीन."

मी खोलीत गेलो, खोक्याच्या मागे हात घातला आणि बटण खाली ओढलं. कूलर घरघर करून थांबले. दोन्ही लेकी, पोरंटोरं, सगळ्यांनी एका सुरात "आई गं!" केलं. सुनंदाने विचारलं, "नाना, काय झालं हो?"

एवढी वर्षं ताठ राहिलेला मी, धडधाकट सोळा सेलांकडे बोट दाखवून सरळ तोंडाने म्हणालो, "तापलेत बिचारे. आज त्यांना आराम द्यावा लागेल." हिने माझ्याकडे असं बघितलं, की पुढच्या आठवड्यात घरात काय ऐकावं लागणार ते मला तिथेच कळलं.

थोडा वेळ पुठ्ठ्याचे पंखे हलले, कुरकुर झाली. मग कोणीतरी गोधड्या उचलल्या. धाब्यावर पावलं वाजू लागली. अक्का सगळ्यात आधी चढल्या, गुडघे दुखतात म्हणणारी बाई शिडीवरून पोरीसारखी गेली. थोड्या वेळाने वरून सुनंदाचा आवाज आला, कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होती, आणि तिच्यावर अक्काचं हसणं. ते हसणं ऐकून मला भरून आलं, हे मी लपवत नाही.

आम्ही निघालो तेव्हा वैशाली बिबड्यांचा डबा घेऊन स्कूटरपाशी आली. डबा हिच्या हातात देऊन मला हळूच म्हणाली, "नाना, खोक्यावरचे सगळे दिवे हिरवे आहेत. बटण तेवढं खाली आहे."

माझी पंचाईत झाली. म्हटलं, "ताईलाही माहीत आहे?"

"तिनेच दाखवलं मला." वर धाब्याकडे बघून ती म्हणाली, "आम्ही परवा जाणार. तोवर दुरुस्त करू नका."

"जुने सेल आहेत," मी म्हटलं, "वेळ लागणारच."